विश्लेषण : अंगणात बिअर उकळताना पातेल्यात पान पडले तर?

अमेरिकेत घरच्या घरी बिअर बनवण्याचा छंद असलेले अनेक जण हे काम अंगणात करतात. उघड्या पातेल्यात वाऱ्याने पाने, परागकण, किडे पडतात. मग सगळे फेकून द्यायचे का?

अंगणातच का?
एका खेपेला साधारण १९ लिटर बिअर होते. एवढे द्रावण घरातल्या शेगडीवर लवकर उकळत नाही. मोठा प्रोपेन बर्नर बंद जागेत पेटवला, तर विषारी कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो.

झाकण का ठेवत नाहीत?
मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड अर्क, म्हणजेच वर्ट, ६० ते ९० मिनिटे उकळतात. त्यात तयार होणारे डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर निघून जाते. झाकण असेल तर वाफेचे पाणी आत ठिबकते आणि बिअरला उकडलेल्या मक्यासारखा वास येतो. शिवाय वर्ट उतू जाते.

खरा धोका कधी?
आच बंद केल्यावर. उकळत्या वर्टमध्ये पडलेल्या पानावरचे, बिअर नासवणारे जिवाणू मरतात. पान झाऱ्याने काढले की झाले. मात्र तापमान सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या खाली आल्यावर धुळीतले लॅक्टोबॅसिलस किंवा चिलटांबरोबर आलेले जिवाणू तग धरतात आणि बिअर आंबट होते. कण्हेरीसारख्या विषारी झाडाचे पान पडले, तर मात्र सगळे ओतून द्यावे. ते विष उकळून जात नाही.

उपाय काय?
- बर्नर झाडाखाली ठेवू नये.
- उकळताना पातेल्यावर स्टीलची बारीक जाळी ठेवावी. कापड किंवा ताडपत्री बांधू नये, ती पेट घेऊ शकते.
- थंड करण्याची तांब्याची नळी शेवटची १५ मिनिटे वर्टमध्येच उकळू द्यावी, म्हणजे ती निर्जंतुक होते.
- आच बंद होताच झाकण किंवा फॉइल लावावे. वर्ट लवकरात लवकर सुमारे २० अंशांवर आणून, निर्जंतुक भांड्यात काढून यीस्ट घालावे.

कायदा काय सांगतो?
राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने अमेरिकेत स्वतःपुरती घरगुती बिअर करमुक्त झाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटरची मर्यादा आहे. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणे गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरते का असेना.