एफएसएक्समध्ये टाकलेलं विमान दिसत नाही? आधी हे तपासा

फ्लाइट सिम्युलेटर एक्स (एफएसएक्स) २००६ चा, पण त्यासाठी फुकट मिळणाऱ्या विमानांना आजही तोटा नाही. अडतं ते इन्स्टॉल करताना.

१) विमान यादीतच नाही: झिप उघडताना बहुतेक वेळा फोल्डरात फोल्डर तयार होतं. 'सिमऑब्जेक्ट्स'मधल्या 'एअरप्लेन्स'मध्ये विमानाचं फोल्डर ठेवा. ते उघडल्यावर मॉडेल, पॅनेल, साउंड, टेक्श्चर लगेच दिसले पाहिजेत.

२) नवी लिव्हरी (विमानाची रंगसंगती) गायब: 'एअरक्राफ्ट डॉट सीएफजी' नोटपॅडमध्ये उघडा. 'एफएलटीसिम'चे क्रमांक ०, १, २ असे ओळीने हवेत. मधला आकडा सुटला किंवा दोनदा आला की घोळ. बदल करण्याआधी फाइलची कॉपी ठेवा. विमान निवडताना 'शो ऑल व्हेरिएशन्स'वर टिक करायला विसरू नका.

३) पॅनेलवर डायलच्या जागी भोकं: डायलच्या म्हणजे गेजच्या फाइल्स 'गेजेस' फोल्डरात गेलेल्या नाहीत.

४) लांबच्या उड्डाणात मेमरी संपून बंद पडतं: प्रोग्रॅम ३२-बिट आहे, ४ जीबीच्या पुढे जात नाही. रॅम वाढवून उपयोग नाही, सीनरीची सेटिंग्ज कमी करा.

आता मजा! पुण्याचा लोहगाव विमानतळ (व्हीएपीओ) निवडा, रनवे २८ वरून उडा आणि नाक सरळ पश्चिमेला ठेवा. काही मिनिटांत आपलं पिंपळे सौदागर पंखाखाली. लोहगावची उंची सुमारे १,९४० फूट. म्हणजे अल्टिमीटर ३,००० दाखवत असेल तेव्हा खालची जमीन जेमतेम हजार फुटांवर असते. पुढे लोणावळ्याचे डोंगर आहेत, वेळेत चढा!

तुमचं कुठलं विमान रुसलंय? कमेंटमध्ये टाका.