कंपवात: मेंदूतला ब्रेक अडकतो म्हणजे नेमके काय होते?

‘आबांचं आता वय झालं, म्हणून हळू चालतात.’ अनेक घरांत कंपवाताची, म्हणजेच पार्किन्सन आजाराची सुरुवात अशा वाक्याखाली झाकली जाते. शर्टाची बटणे लावायला वेळ लागतो, सही बारीक होत जाते, चालताना एक हात हलत नाही, भाकरी थापताना हात मंदावतो, आवाज खोल जातो. सगळ्यांचा हात थरथरतोच असे नाही. घरच्यांना वाटते, माणूस आळशी किंवा हट्टी झाला. प्रत्यक्षात त्याची इच्छा शाबूत असते. अडचण असते ती इच्छेपासून हालचालीपर्यंत जाणाऱ्या मेंदूतील सर्किटमध्ये.

सर्किट म्हणजे काय?

मेंदूतील पेशी एकेकट्या काम करत नाहीत. त्या साखळीसारख्या जोडलेल्या असतात. या साखळीला सर्किट म्हणतात. मेंदूच्या खोल भागात हालचालींचे असेच एक सर्किट आहे. त्यात दोन वाटा असतात. एक वाट हालचाल सुरू करते, दुसरी नको असलेली हालचाल रोखते. ट्रॅक्टरचा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक समजा. या दोघांचा तोल डोपामिन हे रसायन राखते.

कंपवातात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. लक्षणे दिसू लागतात तेव्हा त्या भागाचे बरेच नुकसान झालेले असते. डोपामिन कमी झाले की ॲक्सिलरेटर सैल पडतो आणि ब्रेक दाबलेलाच राहतो. म्हणून शरीर जड, ताठर आणि मंद होते.

संशोधनाने काय दाखवले?

1990 मध्ये अमेरिकेतील डॉ. मॅलन डीलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवातासारखी लक्षणे असलेल्या माकडांच्या मेंदूतील एक छोटे केंद्र निष्क्रिय केले. हे केंद्र या ब्रेकच्या वाटेवर असते. माकडांची हालचाल सुधारली. 2010 मध्ये उंदरांवरील प्रयोगात शास्त्रज्ञांनी प्रकाशाच्या साहाय्याने यातील एकेक वाट वेगळी चालू केली. ब्रेकची वाट चालू करताच निरोगी उंदीर कंपवाताच्या रुग्णासारखे मंदावले. दुसरी वाट चालू केल्यावर आजारी उंदीर पुन्हा हिंडू लागले. म्हणजे पेशी गमावल्या तरी सर्किटचा तोल काही प्रमाणात परत आणता येतो. औषध आणि शस्त्रक्रिया दोन्ही हेच करतात.

गोळीची वेळ का पाळायची?

लेव्होडोपा हे कंपवाताचे मुख्य औषध. मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामिन बनते. पण रक्तात ते फार वेळ टिकत नाही. आजार वाढतो तसा मेंदूचा साठाही कमी होतो, त्यामुळे गोळी तासभर चुकली तरी ब्रेक पुन्हा अडकतो.

- गोळी ठरलेल्या वेळीच द्या. मोबाइलवर गजर लावा. लग्नकार्य, प्रवास आणि दवाखान्यात भरती असतानाही वेळ चुकवू नका.
- शक्यतो जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर एक तासाने द्या. डाळ, दूध, अंडी, मांस यांतील प्रथिने औषधाच्या शोषणात अडथळा आणू शकतात. हे पदार्थ बंद करू नका, फक्त वेळ सांभाळा.
- लोहाच्या गोळ्या सोबत देऊ नका. दोन्हींत अंतर ठेवा.
- औषध अचानक कधीही बंद करू नका. तीव्र ताप, ताठरपणा आणि जिवाला धोका होऊ शकतो.
- खाजकुयलीच्या बियांमध्ये लेव्होडोपा असते हे खरे. पण चूर्णातील प्रमाण कमीजास्त असते. गोळीऐवजी किंवा गोळीसोबत ते मनाने देऊ नका.

कोणत्या औषधांपासून जपायचे?

उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड आणि चक्करेवरील प्रोक्लोरपेराझिन ही औषधे मेंदूतील डोपामिनचे काम अडवतात. चक्करेसाठीच दिली जाणारी सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन यांनीही लक्षणे वाढतात. कधीकधी निरोगी माणसातही या औषधांमुळे कंपवातासारखी लक्षणे येतात. औषध बंद केल्यावर ती बहुतेकदा हळूहळू कमी होतात. म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी ‘यांना कंपवात आहे’ हे आधी सांगा. चालू गोळ्यांची चिठ्ठी खिशात ठेवा.

पाय जमिनीला चिकटले तर?

उंबरठ्यावर, दारात किंवा वळताना पाय अचानक थिजतात. अशा वेळी हात धरून ओढू नका, तोल जाऊन पडण्याची भीती असते. रुग्णाला थांबू द्या. मग ‘एक, दोन’ असा ठेका द्या किंवा जमिनीवरची रेघ ओलांडायला सांगा. स्वतःहून सुरू होणारे पाऊल बिघडलेल्या सर्किटवर अवलंबून असते. बाहेरून मिळालेला ठेका किंवा खूण मेंदूला दुसरी वाट देते, असे तज्ज्ञ मानतात. दारासमोर रंगीत पट्ट्या चिकटवा. टाळाच्या ठेक्यावर पावली धरल्यासारखे चालण्याचा सराव फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने करा. पुण्यात कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्यवर्गही चालतात.

शस्त्रक्रिया कोणासाठी?

डीप ब्रेन स्टिम्युलेशन या शस्त्रक्रियेत मेंदूत बारीक तारा बसवतात. छातीच्या त्वचेखालील यंत्र त्यांना सूक्ष्म विद्युतप्रवाह देते. फ्रान्समधील डॉ. अलीम लुई बेनाबिद यांनी 1987 मध्ये या पद्धतीची सुरुवात केली. मुंबई-पुण्यात ती होते. 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मेंदूतील लहरी ओळखून प्रवाह आपोआप कमीजास्त करणाऱ्या यंत्रणेला मान्यता दिली. लेव्होडोपाने फरक पडतो, पण परिणाम टिकत नाही किंवा शरीराला नको ते झटके येतात, अशा निवडक रुग्णांना या शस्त्रक्रियेचा जास्त फायदा होतो. आजार त्याने बरा होत नाही आणि त्याची वाढही थांबत नाही.

तपासणीला जाताना

सुरुवात जालन्याच्या जिल्हा रुग्णालयातील किंवा जवळच्या फिजिशियनकडून करा. गरज पडल्यास न्यूरोलॉजिस्टसाठी छत्रपती संभाजीनगर साधारण 60 किलोमीटरवर आहे. भोकरदन, मंठा किंवा घनसावंगीहून एवढा प्रवास करून गेल्यावर रुग्ण त्या दहा मिनिटांत नेमका बरा दिसू शकतो. म्हणून आधीचे तीन दिवस गोळी किती वाजता घेतली, शरीर कधी मोकळे झाले आणि कधी जखडले हे वहीत लिहा. जखडलेल्या वेळेचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. या नोंदींवरून डॉक्टर डोस आणि वेळा नीट बसवू शकतात.