पश्चात्ताप : शोक कीं परिवर्तन?

शिराळा हें नांव निघतांच पुष्कळांना नागपंचमी आठवते. परंतु समर्थ रामदासांनीं स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकीं एक मारुतिहि येथेंच आहे. समर्थांच्या उपदेशांत अनुतापाला मोठें स्थान आहे. ख्रिस्ती जीवनाचें प्रवेशद्वार मानला गेलेला पश्चात्ताप हा या अनुतापाचा जवळचा आप्त होय. शिराळा पूर्वीं सातारा जिल्ह्यांत मोडत असे. त्याच साताऱ्यास कवि नारायण वामन टिळक आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत राहिले. १९१७ सालीं मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापिला. संतांच्या भक्तिमार्गानें ख्रिस्ताकडे गेलेल्या या कवीला अनुताप परका नव्हता.

तथापि पश्चात्ताप म्हणजे केवळ शोक, अशी समजूत सर्वत्र आढळते. नव्या करारांतील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘मन पालटणें’ असा आहे. जुन्या करारांतील हिब्रू शब्दाचा अर्थ ‘मागें फिरणें’ असा आहे. येशूला शत्रूंच्या हातीं देणारा यहूदा खिन्न झाला, आणि त्याला नाकारणारा पेत्रहि रडला. पण यहूदानें स्वतःच स्वतःचा न्याय करून प्राण दिला. पेत्र नम्रपणें परत आला. खेद दोघांसहि झाला. पालट एकाचाच झाला. जक्कय जकातदारानें तर अश्रूंऐवजीं हिशेब मांडला : अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना, आणि ज्यांना लुबाडलें असेल त्यांना चौपट परत.

असा पालट सर्वांत कठीण जातो तो सज्जनांना. परूशी आणि जकातदार यांच्या दृष्टांतांत परूश्याचे उपवास व दानधर्म खोटे नव्हते. त्यांचा अभिमान मात्र त्याच्या आड आला. याचें महाराष्ट्रांतील मननीय उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. १८७८ सालीं कलकत्त्यास विद्वानांनीं त्यांचा गौरव केला. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन काढलें. इतकें झाल्यावरहि १९०७ सालच्या आत्मनिवेदनांत त्यांनीं निःसंकोचपणें लिहिलें कीं, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षें आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला होता, पण ख्रिस्त लाभला नव्हता. कीर्ति मिळाल्यावर अशी कबुली देणें, हीच नम्रता.

१९०५ सालीं केडगांवच्या मुक्ति सदनांत प्रार्थनेची मोठी जागृति झाली आणि अनेक मुलींनीं रडत पापांची कबुली दिली. परंतु मुक्तीचें मोल त्या अश्रूंत नाहीं. दुष्काळांत निराधार झालेल्या मुलींना अन्न, विद्या आणि हातीं उद्योग देणाऱ्या रोजच्या कष्टांत तें आहे. रमाबाई स्वतः आयुष्याच्या अखेरीपर्यंत बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर करीत राहिल्या.

घरोघरच्या व्यवहारांतहि हीच कसोटी लागते. घरच्या गड्यावर खोटा आळ घेणारा मालक देवापुढें अश्रु ढाळील. पण त्याच गड्यापुढें, सर्वांच्या देखत, ‘चूक माझी’ असें म्हणणें त्यास जड जाईल. सबबी न सांगतां चूक उच्चारावी, झालेली हानि भरून द्यावी, आणि क्षमेवर हक्क सांगूं नये. कारण क्षमा करणें न करणें हें दुखावलेल्याच्या हातीं असतें. इतकें ज्याला साधलें, त्याचें मन खरोखर पालटलें म्हणावें.