काचेच्या पेटीतील प्रवाळ

नवरत्नांत हिऱ्यामाणकांच्या पंक्तीला पोवळ्यालाही मानाचे स्थान मिळाले आहे. पण हिरा आणि माणिक ही रत्ने जमिनीतून निघतात, तर पोवळे समुद्राच्या पोटात वाढते. पोवळ्यालाच प्रवाळ असे म्हणतात. त्याच्या फांद्या आणि त्यांवर फुलांप्रमाणे उमलणारे नाजूक भाग पाहून पूर्वीच्या लोकांना ती समुद्रातील वनस्पतीच वाटली. अठराव्या शतकात पेसोनेल नावाच्या एका फ्रेंच वैद्याने ही ‘फुले’ बारकाईने निरखली आणि ती फुले नसून लहान लहान प्राणी आहेत, असे प्रतिपादन केले. प्रारंभी मोठमोठ्या विद्वानांना ते पटले नाही. पण अखेरीस त्याचेच म्हणणे खरे ठरले.

प्रवाळाचा एकेक प्राणी म्हणजे जणू तोंड उघडी असलेली एक इवलीशी पिशवी. तिच्या तोंडाभोवती शुंडांचे वर्तुळ असते. जवळून जाणाऱ्या सूक्ष्म जीवांना या शुंडांनी दंश करून हा प्राणी त्यांना पकडतो. खडक रचणाऱ्या जातींचे प्राणी समुद्राच्या पाण्यातील चुना शोषून घेतात आणि आपल्याभोवती दगडी घरटे उभारतात. असे असंख्य प्राणी पिढ्यानुपिढ्या घरट्यांवर घरटी रचीत जातात. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत सुमारे 2,300 किलोमीटर पसरलेली प्रचंड प्रवाळमाला ही अशाच चिमुकल्या कारागिरांची करणी होय.

या प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्ती करून असते. ते सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. प्रवाळाच्या रंगालाही बव्हंशी हे शैवालच कारण असते. पाणी नेहमीपेक्षा फार तापले, की ही सोबत तुटते. शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढराफटक पडतो आणि लवकर थंडावा न मिळाल्यास उपासमारीने मरतो.

इतका नाजूक जीव घरात जगवता येईल, असे फार थोड्यांना वाटत असे. इंडोनेशियातील जकार्ता शहरी राहणाऱ्या ली चिन एंग यांनी मात्र ते साधले. त्यांनी समुद्राचे पाणी आणि जिवंत जीवजंतूंनी भरलेले खडक काचेच्या पेटीत ठेवले व पाण्यात हवेचे बुडबुडे सोडण्याची व्यवस्था केली. खडकांवरील जीवाणू पाण्यातील घाण नाहीशी करीत आणि प्रवाळ सुखाने नांदत. आपल्या या पद्धतीचे वर्णन त्यांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केले. पाणी शुद्ध ठेवावयाचे ते समुद्रातील जीवांच्याच हातून, हे त्यांच्या पद्धतीचे मर्म होते.

आज अनेक देशांत लोक हा छंद जोपासतात. दर लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार, सुमारे 25 अंश सेल्सियस तापमान, भरपूर प्रकाश आणि सतत वाहता प्रवाह या गोष्टी काटेकोरपणे सांभाळाव्या लागतात. पेटीतील पाण्याची वाफ होते, पण मीठ मागेच राहते. म्हणून रोजची भर घालावयाची ती शुद्ध गोड्या पाण्याची. हे ठाऊक नसलेला मनुष्य खारे पाणी ओतीत राहतो आणि थोड्याच दिवसांत पेटीतील जीव दगावतात. शेजारचे प्रवाळ एकमेकांना दंश करतात, म्हणून त्यांच्यामध्ये अंतर राखावे लागते. प्रवाळांच्या जवळच्या नात्यातील, बटणांसारखे दिसणारे काही प्राणी तर अतिशय विषारी असतात. त्यांचा खडक उकळत्या पाण्याने धुताना विषारी तुषार श्वासावाटे शरीरात जाऊन घरची माणसे रुग्णालयात दाखल झाल्याची उदाहरणे आहेत. सौंदर्याची हौस करावी, पण अज्ञानाने करू नये.

या छंदातील सर्वांत सुंदर रीत म्हणजे प्रवाळाची देवघेव. गुलाबाची फांदी तोडून लावली, की तिचे नवे झाड होते. तसाच फांदीदार प्रवाळाचा बोटभर तुकडा कापून लहानशा चकतीवर चिकटवला, तर काही आठवड्यांत तो चकतीवर पसरू लागतो आणि वाढून मूळ प्रवाळासारखाच होतो. असे तुकडे छंदी लोक एकमेकांना देतात. यात औदार्य आहे, तसा शहाणपणाही आहे. एखाद्या रात्री वीज जाते, पाण्याचा प्रवाह थांबतो आणि वर्षानुवर्षे वाढवलेली बाग सकाळपर्यंत मरून पडते. ज्याने आपला प्रवाळ कोणालाच दिला नाही, त्याचा तो कायमचा गेला. ज्याने तो दहाजणांना वाटला, त्याच्या दारी त्याच प्रवाळाचा तुकडा पुन्हा येऊ शकतो. घरचे दही नासले, तर आपणच पूर्वी दिलेले विरजण शेजारणीकडून परत आणावे, तसाच हा प्रकार आहे.

पेटीत प्रवाळ सांभाळण्याची ही विद्या केवळ करमणुकीपुरती राहिलेली नाही. 2023 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरील समुद्र कमालीचा तापला. प्रवाळ मरू लागले. तेव्हा शास्त्रज्ञांनी समुद्रातील रोपवाटिकांमधून प्रवाळांचे हजारो तुकडे तातडीने बाहेर काढले आणि जमिनीवरील टाक्यांत हलवले. ज्या समुद्राने प्रवाळ वाढवले, त्यातूनच ते बाहेर काढून टाक्यांच्या आश्रयाला न्यावे लागले!

तथापि हा छंद समुद्र ओरबाडून करावयाचा नव्हे. आपल्या देशात खडक रचणाऱ्या प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. वाघही त्याच अनुसूचीत आहे. म्हणून समुद्रातून प्रवाळ तोडणे हा वाघाच्या शिकारीसारखाच अपराध ठरतो. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. ते डोळे भरून पाहावेत. त्यांना हात मात्र लावू नये.

हिरा तिजोरीत कुलूपबंद ठेवला तरी हिराच राहतो. प्रवाळ हे सजीव रत्न आहे. ते जपावयाचे तर वाढवावे लागते आणि टिकवावयाचे तर वाटावे लागते.