सुट्टी किनाऱ्यावर, नजर रुळांवर : कोकण–गोवा

- मार्ग : कोकण रेल्वे, रोहा ते ठोकूर, सुमारे ७४० किमी. संपूर्ण मार्ग खुला : २६ जानेवारी १९९८. विद्युतीकरण पूर्ण : २०२२.
- क्रॉसिंग : रोहा–वीर टप्पा दुहेरी, बाकी बहुतांश मार्ग एकेरी. समोरून येणारी गाडी जाईपर्यंत दुसरी स्थानकात थांबते.
- किनारा आणि स्थानक : तारकर्ली – कुडाळ, सिंधुदुर्ग. वेंगुर्ला – सावंतवाडी, कुडाळ. कळंगुट – थिवी. कोलवा – मडगाव. पाळोळे – काणकोण.
- मोठे पूल : रत्नागिरीजवळचा पानवल, उंची ६४ मीटर. होन्नावरचा शरावती, लांबी सुमारे २ किमी. या मार्गावरील सर्वांत लांब.
- रो-रो : सपाट वाघिणींवर भरलेले ट्रक. सेवा १९९९ पासून.
- गोव्यातील दोन रेल्वे : उत्तर-दक्षिण जाणारी कोकण रेल्वे, वास्को–मडगाव–कुळे हा मार्ग दक्षिण पश्चिम रेल्वेचा. दूधसागर याच दुसऱ्या मार्गावर, कुळे ते कॅसलरॉक घाटात. चढ ३७ला १. जड गाड्यांना मागून बँकर इंजिने.
- पावसाळा : वेगळे वेळापत्रक, कमी वेग. निघण्यापूर्वी वेळा तपासाव्यात.
- प्लॅटफॉर्म तिकीट : सर्वसाधारण दर १० रुपये, मुदत दोन तास.
- रुळांवर जाणे : रेल्वे कायदा १९८९, कलम १४७ नुसार गुन्हा. सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.