बँकेने घर पाहिलं, तुमचं काय?

लंडन : इंग्लंडमध्ये घर घ्यायला निघालेला मराठी माणूस बहुतेक वेळा एक गोष्ट गृहीत धरतो. कर्ज देणाऱ्या बँकेने मूल्यांकन केलं, म्हणजे घर तपासून झालं. आपल्याकडे बँकेच्या वकिलाने सर्च रिपोर्ट दिला की आपण निर्धास्त होतो, तीच ही सवय. पण इथलं मॉर्गेज व्हॅल्युएशन बँकेच्या पैशाची काळजी वाहतं, तुमच्या छपराची नाही. कित्येकदा तर त्यासाठी घरात कुणी पाऊलही टाकत नाही, संगणकावरच्या आकड्यांवरच काम भागतं. आणि इथला जुना दंडक असा, की दोष शोधायचे ते घेणाऱ्याने. विचारलेल्या प्रश्नाला विक्रेता खोटं उत्तर देऊ शकत नाही, मात्र भिंतीत मुरलेली ओल आपणहून दाखवायला तो बांधील नसतो.

म्हणून सर्व्हे. 1868 साली स्थापन झालेल्या ‘रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्स’ या संस्थेने त्याच्या तीन पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. लेव्हल वन म्हणजे जेमतेम नजर टाकणं. त्यावर वेळ घालवू नये. लेव्हल टू नेहमीच्या बांधणीच्या, बऱ्या स्थितीतल्या घरासाठी. लेव्हल थ्रीमध्ये दोष का आला, दुरुस्ती कशी करावी, दुर्लक्ष केलं तर काय होईल, हेही लिहिलेलं असतं. लोक फी पाहून निवडतात. निवड घराचं वय पाहून करायला हवी.

लंडनमधल्या व्हिक्टोरियन घरांच्या लांबच लांब रांगा बाहेरून देखण्या दिसतात. त्यांच्या भिंती भरीव विटांच्या, मधे पोकळी नाही. बऱ्याच भागांत खाली चिकणमाती. उन्हाळा कोरडा गेला की ती आकसते, जवळ मोठं झाड असेल तर जास्तच, आणि पाया खचतो. 1976 च्या दुष्काळानंतर अशा तडे गेलेल्या घरांच्या विमादाव्यांचा इथे पूर आला होता. शिवाय सव्वाशे-दीडशे वर्षांत प्रत्येक मालकाने आपापले प्रयोग केलेले असतात. कुणी दिवाणखाना मोठा दिसावा म्हणून खालचं धुराडं फोडतो आणि वरच्या विटांचा भार पुरेशा आधाराविना तसाच राहतो. कुणी बाहेरून सिमेंटचा गिलावा फासून ओल आतच कोंडून ठेवतो. (‘ओलीची मोफत तपासणी’ करणारे पुष्कळदा ओलीवरची रसायनंच विकत असतात, हेही ध्यानात असू द्या.) हे सारं उकलायला लेव्हल थ्रीच हवी.

तीही सर्वज्ञ नव्हे. सर्व्हेअर घट्ट बसवलेला गालिचा उखडत नाही, गटारात कॅमेरा सोडत नाही, वायरिंगची चाचणी करत नाही. त्या तपासण्या वेगळ्या. नव्या कोऱ्या घराला ‘स्नॅगिंग’ची, म्हणजे बांधकामात राहिलेल्या त्रुटी शोधण्याची, तपासणी लागते. उंच इमारतीतला फ्लॅट असेल तर इमारतीच्या बाहेरच्या आवरणाचे कागदही मागावे लागतात; 2017 मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची आग अशा आवरणातूनच पसरली होती.

दोष घेणाऱ्यानेच शोधायचे, हा घोळ स्कॉटलंडने बराच कमी केला. तिथे डिसेंबर 2008 पासून घर विकायला काढतानाच विक्रेत्याला सर्व्हेसकट ‘होम रिपोर्ट’ तयार ठेवावा लागतो. इंग्लंडने 2007 मध्ये विक्रेत्यावर माहितीसंचाची सक्ती केली, पण त्यातला घराच्या स्थितीचा अहवाल ऐच्छिकच ठेवला आणि 2010 मध्ये सगळंच गुंडाळलं. परिणाम असा, की एकाच भिंतीसाठी तीन ग्राहक तीनदा फी भरतात आणि सौदा फिसकटला तर ती बुडते. माझ्या मते याबाबतीत स्कॉटलंड शहाणा.

जुन्या घराच्या अहवालात लाल खुणा, म्हणजे गंभीर किंवा तातडीचे दोष, असणारच. त्या पाहून पळू नका. सर्व्हेअरला फोन करून तातडीचं काय ते विचारा, दुरुस्तीचा अंदाज घ्या आणि तो आकडा एजंटपुढे ठेवा. हे सगळं करारांच्या देवाणघेवाणीआधी उरका. त्यानंतर माघार घेतलीत तर सहसा किमतीच्या 10 टक्के अनामत गमवावी लागते.