छायाचित्र उजळ नको, खरे हवे

लग्नाच्या स्थळासाठी, नोकरीच्या अर्जासाठी किंवा घरातील वडीलधाऱ्यांची आठवण म्हणून स्टुडिओत छायाचित्र काढले जाते, तेव्हा चेहरा आपला वाटावा एवढीच माणसाची अपेक्षा असते. प्रत्यक्षात अनेकदा हाती येतो तो सपाट, पिठूळ पांढरा चेहरा. दोष कॅमेऱ्याला दिला जातो. पण पुष्कळदा तो प्रकाशयोजनेचा असतो.

वीज येण्यापूर्वी युरोपातील स्टुडिओंना उत्तरेकडे मोठी काचेची खिडकी असे. तेथून थेट ऊन न येता मंद, पसरट उजेड येई. आजची छत्री वा सॉफ्टबॉक्स म्हणजे तीच खिडकी होय. चेहऱ्याच्या दृष्टीने दिवा जितका मोठा, तितकी सावलीची कड मऊ. सुमारे ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स एक मीटरवर मऊ प्रकाश देतो. तोच तीन मीटरवर नेला की सावल्या कठोर होतात. शिवाय अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो.

मुख्य दिवा चेहऱ्याच्या बाजूस सुमारे ४५ अंशांवर आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर ठेवावा. दुसऱ्या गालावर प्रकाशाचा छोटा त्रिकोण उमटला, तर त्या रचनेला डच चित्रकार रेम्ब्रां याचे नाव दिले जाते. सावली फार गडद वाटल्यास त्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा धरावा. काळे केस गडद पडद्यात मिसळू नयेत, यासाठी मागून एक लहान दिवा पुरतो.

खरी कसोटी त्वचेच्या रंगाची. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे सर्व काही मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे सावळा चेहरा आणि गडद पडदा असेल, तर चित्र नको तितके उजळते. पांढरी साडी असेल, तर चेहरा काळवंडतो. म्हणून चेहऱ्यावर पडणारा प्रकाश हातातील मापकाने मोजावा किंवा करड्या कार्डाचा आधार घ्यावा. सावळ्या त्वचेचे सौंदर्य बाजूने येणाऱ्या मोठ्या प्रकाशाच्या तकाकीत खुलते. एक्सपोजर वाढवल्याने ते पुसले जाते.

फ्लॅशचा प्रकाश सुमारे ५५०० केल्विन, तर जुन्या टंगस्टन दिव्याचा सुमारे ३२०० केल्विन असतो. दोन्ही मिसळले की एक गाल निळसर, दुसरा पिवळसर दिसतो. एलईडी घ्यायचे असल्यास रंगनिष्ठेचा निर्देशांक ९५ किंवा अधिक पाहावा. कमी प्रतीच्या दिव्यात लाल छटा क्षीण असते आणि त्वचा निर्जीव भासते.

पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ८५ मिलिमीटरची लेन्स आणि सुमारे दोन मीटर अंतर योग्य. फार जवळून टिपल्यास नाक मोठे दिसते. फ्लॅशसाठी आयएसओ १००, शटर १/१२५ आणि एफ/८ ही चांगली सुरुवात ठरते. शटर कॅमेऱ्याच्या फ्लॅश-मर्यादेपलीकडे नेल्यास चित्रात काळा पट्टा येतो.

गोव्याच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशीचा धोका असतो. ती कातडी पिशवीत न कोंडता ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या कपाटात ठेवावी.

ग्राहकानेही एक गोष्ट करावी: छपाईपूर्वी पडद्यावरील चेहरा आरशातल्या आपल्या चेहऱ्याशी ताडून पाहावा आणि रंग बदलला असेल, तर तो पूर्ववत करण्यास निःसंकोच सांगावे.